आईचा ओटा आणि कलम १६

२०१६ च्या जूनमध्ये खालच्या काकूंचा फोन आला. "तुमच्या दाराला कागद चिकटवून गेलेत गं. वकिलाचा दिसतोय. फोटो काढून पाठवते." मी तेव्हा चिंचवडला भावाकडे होते. फेब्रुवारीत आई जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आमच्या वाड्याचा लाकडी जिना तिला चढवणं शक्यच नव्हतं, म्हणून इस्पितळातून थेट भावाकडे नेलं. पुण्यात पेठेतल्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांना कुलूप होतं.

फोटोतलं इंग्रजी मी तीनदा वाचलं. भाडं थकलं आहे, नव्वद दिवसांत भरा. जागा तुम्ही वापरत नाही. आमच्या मुलाला ती हवी आहे. स्वयंपाकघरात परवानगीशिवाय बांधकाम केलं आहे. जागा खाली करा, नाहीतर दावा. आईला मी काही सांगितलं नाही. १९६८ साली ती लग्न होऊन आली ती याच खोल्यांत. वडील २००९ मध्ये गेले तेही इथूनच.

भाडं थकण्याची गोष्ट आधी सांगते, कारण माझी खरी चूक तिथेच झाली. जुने मालक होते तोवर दर महिन्याला पावती मिळायची. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने २०१४ पासून भाडं घेणंच बंद केलं. "नंतर बघू" म्हणायचा. वडिलांच्या एका मित्राने सल्ला दिला, मनीऑर्डर करत जा. मी दर महिन्याला ८५ रुपयांची मनीऑर्डर करायचे आणि ती 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत यायची. त्या चिठ्ठ्या मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवत गेले. पण आई पडली आणि त्या धांदलीत मनीऑर्डर राहिल्या. सात महिने.

दुसरी चूक म्हणजे त्या नोटिशीला मी उत्तर दिलं नाही. एका वकिलांकडे गेले, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, "मालकाने बोलावलं की जा, तीन लाख देतील, घ्या आणि सोडा. कोर्टात म्हातारपण जाईल." मी घाबरून गप्प बसले. माझं कोणी ऐकत असेल तर एवढं ऐका: नोटिशीला उत्तर द्या. मुदतीत द्या, लेखी द्या, पोचपावती ठेवा. भाडं घ्यायला आम्ही तयार होतो, तुम्हीच नाकारलंत, हे त्याच वेळी कागदावर आलं असतं तर पुढचं अर्धं ओझं हललं असतं.

ऑगस्टच्या मध्यावर आई वॉकर धरून चालायला लागली आणि हट्टाने म्हणाली, मला घरी ने. भावाने आणि त्याच्या मित्राने खुर्चीत बसवून तिला जिना चढवला. तेव्हा आम्हाला कल्पना नव्हती, पण त्या दिवशी घरी येण्याने आमचं घर वाचलं. ते पुढे सांगते.

डिसेंबरात दावा दाखल झाला, जानेवारी २०१७ मध्ये बेलिफ समन्स घेऊन आला. आईने त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "पण कारण काय?"

हाच प्रश्न महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मालकाला विचारतो, हे मला नंतर कळलं. १९९९ चा हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. दोन्हींचा गाभा एकच: भाडेकरू भाडं देत असेल, द्यायला तयार असेल आणि अटी पाळत असेल, तर मालकाला जागा परत मागता येत नाही. मागायची असेल तर कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकी एखादं कारण सांगावं लागतं आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. मालकी आहे, एवढं कारण पुरत नाही. ही कारणं मुख्यतः कलम १६ मध्ये आहेत. पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, पक्कं बांधकाम, मालकाची स्वतःची गरज, जागा न वापरणं, अशी ती यादी आहे. आमच्या दाव्यात त्यातली तीन होती आणि शिवाय थकबाकी.

वकील कसा मिळाला तेही लिहिते, कारण पुष्कळ बायकांना हे माहीतच नसतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे (तो १९८७ चा आहे) स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं म्हणून मी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. दावा आईच्या नावावर होता, म्हणून अर्ज तिच्या नावाने केला. ज्या वकीलबाई मिळाल्या त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी पहिल्या भेटीत डबा उघडायला लावला आणि मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून घेतल्या. मग म्हणाल्या, "आधी पैसे भरू. रागावू नका, भांडू नका, आधी पैसे."

कायद्याच्या पंधराव्या कलमात भाडेकरूला एक मोठी संधी दिली आहे. थकबाकीसाठी दावा झाला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि कोर्ट सांगेल तो खर्च भरला, आणि पुढे निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून बेदखलीचा हुकूम होत नाही. आमची तीन वर्षांची सगळी रक्कम व्याजासकट चार हजारांच्या आत बसली. एवढ्याशा रकमेसाठी आई बेघर झाली असती, या विचाराने मला चलनाच्या रांगेत रडू आलं. 'नियमित' या शब्दावर वकीलबाईंचा फार जोर होता. एक महिना चुकला तर समोरचा तेवढंच धरून बसेल, म्हणाल्या. म्हणून मी सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरायला लागले. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमचं भाडं पुढच्या तीन महिन्यांचं भरलेलं होतं.

मग आमची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, गेली, कोर्टाने वादाचे मुद्दे काढले, तारखा सुरू झाल्या. तारखांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी कोर्ट पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक तारखेला रजा टाकायचे, नंतर कोर्टाच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर आदल्या रात्री बघायला शिकले.

मध्येच, २०१७ च्या मे महिन्यात, अंगणातला नळ बंद झाला. आमच्या मजल्यावर वेगळी जोडणी नाही, पाणी तिथूनच वर येतं. मालक म्हणाले, दुरुस्ती आहे. आठ दिवस दुरुस्ती करायला कोणी फिरकलं नाही. ऐंशीच्या घरातली आई, आणि मी शाळेतून येऊन खालच्या काकूंकडून कळशा वाहत होते. वकीलबाईंनी कलम २९ खाली अर्ज केला. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई या अत्यावश्यक गोष्टी मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत आणि तोडल्या तर तो गुन्हा आहे. अर्जाची नोटीस त्यांना मिळाली आणि सुनावणीच्या आधीच नळ सुरू झाला. तो अर्ज नंतरही उपयोगी पडला. गरजेपोटी जागा मागणारा माणूस आणि पाणी तोडणारा माणूस एकच आहे हे कोर्टापुढे राहिलं.

मालकांची उलटतपासणी २०१८ मध्ये झाली. त्यांचं म्हणणं, मुलाचं लग्न ठरलंय, त्याला संसारासाठी आमच्या खोल्या हव्यात. मालकाची गरज कायद्याला मान्य आहे, पण ती रास्त आणि प्रामाणिक असावी लागते. वकीलबाईंनी आवाज न चढवता विचारलं. वाड्यात खाली दोन खोल्या २०१५ मध्ये रिकाम्या झाल्या, खरं? खरं. आज त्यात कोण राहतं? कोणी नाही. मुलगा आत्ता कुठे राहतो? बावधनला, फ्लॅटमध्ये. फ्लॅट कोणाचा? त्याचाच. मग या दोन खोल्यांची गरज? त्यावर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, जागा आमची आहे.

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्या उत्तराचा मला राग आला नाही. खरंच त्यांची आहे. ८५ रुपयांत दोन खोल्या, हे भाडं न्यायाचं आहे असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, कराची वाढ वेगळी, पण मूळ आकडाच इतका जुना आणि लहान की त्याच्या ४ टक्क्यांत मालकाचं काय भागणार? दुरुस्तीचंही तेच. मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आमच्या हिशेबाने वर्षाला २५५ रुपये. त्यात कौलं काय फिरवणार! पंधरा वर्षं कौलं आम्हीच फिरवतो आहोत, आमच्या पैशाने. वाडे असे दोन्ही बाजूंनी खचत गेले. याची चर्चा व्हायला हवी, भाडं वाढवायचं असेल तर समोर बसून बोलायला हवं, मी तयार होते. पण ८५ रुपये कमी आहेत म्हणून खोटं कारण सांगून ऐंशी वर्षांच्या बाईला जिन्यावरून खाली उतरवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही.

आईची साक्ष घरीच झाली. तिला कोर्टाचा जिना जमणार नव्हता, म्हणून अर्ज केला आणि घरी येऊन साक्ष नोंदवायला कोर्टाने कमिशनर नेमले. २०१९ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी कमिशनर म्हणून आलेले वकील, त्यांचा टंकलेखक, मालकांचे वकील आणि आमच्या वकीलबाई असे चौघे आमच्या बाहेरच्या खोलीत बसले. आईने नऊवारी नेसली होती. तिने आधी सगळ्यांना चहा घ्यायला लावला, कमिशनरसाहेबांनी "नंतर घेतो आजी" म्हटलं तर तिने ऐकलं नाही.

मालकांच्या वकिलांनी ओट्यापासून सुरुवात केली. स्वयंपाकाचा ओटा कधी बांधला?

"चौऱ्याहत्तर साली. हिच्या वेळी दिवस गेले होते. खाली बसून स्टोव्हवर करवत नव्हतं."

मालकांची लेखी परवानगी घेतली होती?

"लेखी कशाला? दादांनीच, जुन्या मालकांनी, गवंडी धाडला होता. कडप्पा त्यांनी आणला, पैसे ह्यांनी दिले."

म्हणजे लेखी परवानगी नव्हती?

"नव्हती."

मी आत उभी होते, माझ्या पोटात गोळा आला. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम, हे कलम १६ मधलं कारण आहे, आणि आईने एका शब्दात कबूल करून टाकलं. ते निघून गेल्यावर वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक ओट्यावरच उघडलं. त्या पोटकलमाखाली स्पष्टीकरण आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभ्याने काम करायचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, धुराडं, या गोष्टी पक्क्या बांधकामात मोजायच्या नाहीत. ओटा कायद्यात नावानिशी लिहिलेला आहे! ज्याने कोणी ते वाक्य लिहिलं त्याने जमिनीवर बसून स्वयंपाक करणारी बाई पाहिली असणार. आई पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "वाच पुन्हा." मी दोनदा वाचून दाखवलं.

माझी उलटतपासणी जागा न वापरण्यावर होती आणि ती सगळ्यात अवघड गेली. महावितरणची बिलं समोर ठेवली. मार्च २०१६, युनिट किती? शून्य. एप्रिल? शून्य. त्यांनी एकेक बिल वाचून घेतलं. मग नोटिशीचं परत आलेलं पाकीट, त्यावर पोस्टमनचा शेरा 'दार बंद'. सहा महिन्यांहून जास्त घर बंद होतं हे खरं ना? मी म्हटलं, खरं, आई आजारी होती. खोटं बोलायचं नाही हे वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं. इस्पितळाचे कागद, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या सगळं दाखल केलं होतं, त्यांना निशाण्या, म्हणजे पुराव्याचे क्रमांक, पडल्या होत्या.

कायदा दोन गोष्टी बघतो. एक, जागा न वापरण्याला रास्त कारण होतं का. दुसरी, दावा दाखल झाला त्या तारखेच्या लगत आधीचे सलग सहा महिने जागा बंद होती का. आधी कधीतरी सहा महिने बंद होती हे चालत नाही. दावा डिसेंबरचा. आम्ही ऑगस्टमध्ये परत आलो होतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरच्या बिलांत युनिट होती, गॅस सिलिंडरच्या दोन पावत्या होत्या, ऑगस्टच्या शेवटी आईला घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. आईने हट्ट केला नसता आणि आम्ही नवं वर्ष उजाडेपर्यंत चिंचवडलाच राहिलो असतो, तर सगळा भार फक्त 'रास्त कारण' या दोन शब्दांवर आला असता.

डिसेंबर २०२१ मध्ये दावा खर्चासह फेटाळला गेला. निकालपत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा: गरज खरी धरली तरी कोर्टाला तुलना करावी लागते, हुकूम दिला तर कोणाला जास्त त्रास होईल आणि नाही दिला तर कोणाला. दोघांना दुसरी जागा उपलब्ध आहे का, हे त्यात बघतात. मालकांकडे रिकाम्या खोल्या आणि मुलाचा फ्लॅट. आईकडे या दोन खोल्या. वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्वतःच्या गरजेसाठी म्हणून मालकाने जागा मिळवली आणि महिन्याभरात तिथे राहायला आलाच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्या कोणाला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू कोर्टाकडे ती परत मागू शकतो.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगत होते. तो वाकडला फ्लॅट घेऊन राहतो. तो म्हणाला, "आत्या, मला यातलं काहीच नाही ना?" नाही. त्याचं लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी, अकरा महिन्यांची. मुदत संपली की मालकाला कारण द्यावं लागत नाही. तो साध्या कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम वसूल होऊ शकते. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे: करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि ती नोंदणी करून घेणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू जे सांगेल ते धरून चालतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मी त्याला दुसऱ्याच दिवशी कराराची प्रत काढून घ्यायला लावली. आज पुण्यात भाड्याने राहणारी बहुतेक मुलं त्याच्यासारखीच राहतात. दर अकरा महिन्यांनी सामान बांधायची तयारी ठेवून मुलांची शाळा कशी ठरवायची, म्हाताऱ्या आईवडिलांना कुठे आणायचं? त्यांच्यासाठीही कोणीतरी 'कारण काय?' विचारायला हवं, असं मला फार वाटतं.

मालक जिल्हा न्यायालयात अपिलात गेले, त्याला तीस दिवसांची मुदत असते. अपील चालू असताना, २०२३ च्या श्रावणात, आई गेली. रात्री झोपेत, तिच्या खाटेवर. तेराव्यानंतर मालकांकडून निरोप आला, भाडेकरू गेल्या, आता तुमचा काय संबंध? या वेळी मी घाबरले नाही. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणारी घरातली व्यक्ती भाडेकरू होते, हे कलम ७ मध्ये लिहिलेलं मी वाचलं होतं. रेशनकार्ड, मतदारयादी, माझी शाळेतली सेवापुस्तिका, सगळीकडे हाच पत्ता. भावाने हरकत नसल्याचं लिहून दिलं. वारस म्हणून माझं नाव अपिलात लागलं, आणि पुढच्या वर्षी अपीलही फेटाळलं गेलं.

गेल्या दिवाळीआधी मालक स्वतः वर आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. वाडा पाडून नवी इमारत करायची आहे, सगळ्या भाडेकरूंना जागा द्यायची आहे, असं म्हणाले. मी म्हटलं, चांगलं आहे, मीही या कौलांखाली किती पावसाळे काढणार. पण चटईक्षेत्र किती, ताबा कधी, मधल्या काळात राहायचं कुठे आणि त्याचं भाडं कोण देणार, हे सगळं नोंदणीकृत करारात हवं. त्यांनी मान हलवली. मग मी डबा काढला आणि त्या महिन्याचं भाडं पुढे केलं. त्यांनी पावतीपुस्तक आणलं नव्हतं. "उद्या पाठवतो," म्हणाले. मी पैसे परत डब्यात ठेवले आणि सांगितलं, पावती येईल तेव्हा देईन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा माणूस आला. पावतीवर वडिलांचं नाव लिहिलेलं होतं. मी त्याला बसवलं, चहा टाकला आणि नवी पावती माझ्या नावाने लिहून घेतली.